इंदूरच्या कॉलेजात असतानाच पहिली बचत, पहिली गुंतवणूक: कुठून आणि कशी सुरू करावी

बचत करायचं एकदा मनावर घेतलं की त्याच दिवशी पैसे कुठेतरी टाकावेसे वाटतात. मित्राने मोबाइलवर आपल्या म्युच्युअल फंडाची वाढ दाखवलेली असते, किंवा घरी कुणी निवृत्त झालेलं असतं आणि पेन्शनचा, ठेवींचा हिशेब कानावर पडलेला असतो. हा उत्साह फार मोलाचा आहे. मात्र तो पहिला आठवडा पैसे टाकण्यात घालवू नका, कागदपत्रं नीट करण्यात घालवा. कॉलेजातल्या मुलामुलींचं गुंतवणुकीचं गाडं अडतं ते पैशावाचून कमी आणि कागदांपायी जास्त. अर्ज दोनदा परत आला की तिसऱ्यांदा भरायची इच्छा उरत नाही.

नावाचा घोळ आधी सोडवा

इंदूरच्या मराठी घरांत ही अडचण हमखास येते. आधार काढताना आपण आपल्या पद्धतीने नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सलग लिहितो. दहावीच्या गुणपत्रिकेवर बऱ्याचदा नुसतं नाव-आडनाव असतं आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. पॅन काढून देणाऱ्याने तिसरंच काहीतरी लिहिलेलं असतं. केवायसीच्या, म्हणजे ओळख पडताळणीच्या, वेळी संगणक ही नावं ताडून पाहतो आणि जुळली नाहीत की अर्ज अडकतो. हिंदीत टाइप करणाऱ्याने ‘काळे’चं ‘काले’ केलं म्हणून घाबरू नका. पॅनवर नाव इंग्रजीतच असतं, त्यामुळे जुळायला हवी ती इंग्रजी ओळ. तिथे एक अक्षर कमी-जास्त असलं तरी अडू शकतं.

दुरुस्ती करताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव पाया धरा, कारण पदवी, पासपोर्ट आणि पुढची नोकरी त्याच नावावर चालते. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. तेव्हा केंद्रावर जाण्याआधी अक्षर न् अक्षर कागदावर लिहून न्या आणि पावती हातात पडली की तिथेच उभं राहून वाचा.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. आधारला वडिलांचा नंबर जोडलेला असतो, वडील बुऱ्हाणपूरला किंवा खरगोनला, आणि तुम्ही भंवरकुआच्या खोलीत ओटीपीची वाट पाहत बसलेले. स्वतःचा नंबर आधारला जोडून घ्या. पुढची प्रत्येक पायरी याच नंबरावर चालणार आहे.

पॅन नसेल तर आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीवरून ई-पॅन फुकट मिळतं. वय १८ पूर्ण हवं, आधारवर पूर्ण जन्मतारीख हवी. पण अर्ज करण्याआधी घरी विचारा. आईवडिलांनी लहानपणीच पॅन काढून ठेवलेलं असू शकतं. दोन पॅन बाळगणं कायद्याने चालत नाही, त्याला १०,००० रुपये दंड आहे. लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ती आता भरून घ्यावी लागते.

बँक खात्याचंही तसंच. शाळेत असताना उघडलेलं अज्ञान मुलाचं खातं १८ वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने केवायसी देईपर्यंत अडवलं जाऊ शकतं. शिष्यवृत्तीची रक्कम त्याच खात्यात येणार असेल तर हे काम आजच करा. शिवाय दोन वर्षं खात्यात तुम्ही स्वतः कोणताही व्यवहार केला नाही तर बँक ते निष्क्रिय धरते.

दोन खाती, दोन कामं

पैसा वाचवायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे तो रोज डोळ्यांसमोर न ठेवणं. म्हणून दोन बचत खाती हवीत. पहिल्यात घरून आलेले पैसे, शिकवणीचे पैसे, सगळी आवक. यूपीआय याच खात्याला जोडलेलं. दुसरं खातं वेगळ्या बँकेत किंवा पोस्टात, आणि ते खर्चाच्या यूपीआय ॲपला जोडायचं नाही. दुसरं खातं उघडताना किमान शिल्लक किती लागते ते विचारा. मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक लागत नाही. काही खासगी बँकांच्या साध्या खात्यात मात्र शिल्लक घसरली की दर महिन्याला दंड कापला जातो आणि ५०० रुपयांची बचत त्यातच जाते. पोस्टाचं बचत खातं ५०० रुपयांत उघडतं आणि त्यावर ४ टक्के व्याज आहे.

बँक कुठलीही असो, एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाख रुपयांपर्यंतचा विमा असतो. २०२० च्या फेब्रुवारीपर्यंत ही मर्यादा १ लाख होती. ओळखीचे लोक चालवतात म्हणून सहकारी बँकेत खातं उघडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त ती बँक असावी. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा नसतो.

खातं उघडलंच आहे तर बँकेच्या ॲपमधून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेऊन टाका. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाखांचं संरक्षण. दुचाकीवरून कॉलेजला जाणाऱ्याने तर घ्यावीच. हप्ता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपोआप कापला जातो, तेव्हा खात्यात २० रुपये असू द्या.

किती वाचवायचं, हे वही सांगेल

आधी महिनाभर काहीही बदलू नका, फक्त लिहा. रोज रात्री यूपीआयचा इतिहास उघडायचा आणि खर्च चार रकान्यांत टाकायचा: राहणं-खाणं, येणं-जाणं, अभ्यास, बाकीचं. रोख खर्च तेवढा वेगळा लिहायचा, कारण तो विसरला जातो. महिन्याच्या शेवटी यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’चा विभाग उघडून पाहा. तीन महिन्यांपूर्वी फुकट चाचणीसाठी घेतलेली एखादी वर्गणी तिथे गुपचूप चालू सापडते.

सराफ्यातली खाऊगल्ली किंवा छप्पन दुकान बंद करा असं आम्ही सांगणार नाही. मित्रांबरोबरचं खाणं तोडून केलेली बचत महिनाभरही टिकत नाही. त्यापेक्षा या खर्चाला आठवड्याची एक रक्कम ठरवा आणि ती रोख काढून ठेवा. पाकीट रिकामं झालं की त्या आठवड्याचं खाणं संपलं.

एक उदाहरण धरू. घरून महिन्याला ९,००० रुपये येतात, पैकी ७,००० खोली आणि मेसला जातात. सुदामा नगरात सातवीच्या मुलाला गणित शिकवून २,५०० मिळतात. हातात उरले ४,५००. यातले १,५०० वाचवायचे ठरवले तर ते महिन्याच्या शेवटी उरतील याची वाट पाहू नका. पैसे घरून १ ते ५ तारखेच्या दरम्यान येत असतील तर ७ तारखेला १,५०० रुपये दुसऱ्या खात्यात आपोआप जातील अशी स्थायी सूचना बँकेच्या ॲपमध्ये लावा. रक्कम ३०० असली तरी चालेल, तारीख मात्र पक्की ठेवा. पदवीच्या तीन वर्षांत ३०० चे १,००० करणं सोपं जातं. चुकलेली तारीख पुन्हा लावणं मात्र जड जातं.

शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचे कागद आताच काढून वाचा. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी बहुतेक कर्जांवर व्याज चढत असतं. आणि क्रेडिट कार्डाची किंवा ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ छापाची बाकी असेल तर बचतीचा पहिला रुपया तिथे जाऊ द्या. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. इतका परतावा कुठलीही गुंतवणूक देणार नाही.

आधी अडीअडचणीचे पैसे

पहिले सहा महिने सगळी बचत दुसऱ्या खात्यात नुसती साठू द्या. वरच्या उदाहरणात ते ९,००० होतात. विद्यार्थ्याला याहून फार लागत नाही: एक महिन्याची मेस, अचानक घरी जायचं भाडं, डॉक्टर आणि औषधं, फुटलेल्या मोबाइलची दुरुस्ती. या पैशांवर व्याज कमी मिळेल, मिळू द्या. हा साठा नसला की पुढे पहिल्या अडचणीला फंड विकावा लागतो, आणि बाजार पडलेला असताना तो तोट्यात विकावा लागतो. फोनच्या एका स्क्रीनपायी एसआयपी, म्हणजे फंडातला दरमहाचा ठरावीक हप्ता, मोडलेली मुलं कुठल्याही हॉस्टेलवर भेटतील.

तारीख ठरलेल्या खर्चाला आरडी

पुढच्या सेमिस्टरची फी, एमपीपीएससीचा क्लास, लॅपटॉप, पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज. ज्या खर्चाची तारीख तीन वर्षांच्या आत आहे, तो पैसा शेअर बाजाराच्या वाऱ्यालाही उभा करू नका. त्याच्यासाठी आवर्ती ठेव, म्हणजे आरडी.

पोस्ट आणि बँक यांत इथे मोठा फरक आहे आणि नवीन माणूस इथेच फसतो. पोस्टाची आरडी ५ वर्षांची असते. महिन्याला किमान १०० रुपये, पुढे १० च्या पटीत. सध्याचा दर ६.७ टक्के, तो २०२३ च्या ऑक्टोबरपासून आहे. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं, म्हणून खातं उघडायच्या दिवशी खिडकीवर विचारून घ्या. महिना ५०० रुपयांनी ५ वर्षांत ३०,००० भरले जातात आणि हातात सुमारे ३५,६८० येतात. पण मुदतीआधी बंद करायची तर ३ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि तेव्हा व्याज ६.७ ने मिळत नाही, बचत खात्याच्या ४ टक्क्यांनी मिळतं. तीन वर्षांच्या बीएस्सीच्या पहिल्या दिवशी पोस्टात आरडी उघडून शेवटच्या दिवशी मोडली तर हे असं होतं. पदवीपुरता पैसा हवा असेल तर बँकेची १२ किंवा २४ महिन्यांची आरडी बरी. मोडली तरी बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, एवढंच.

तरीही पोस्टाची घेत असाल तर खातं १६ तारखेनंतर उघडा. १ ते १५ च्या दरम्यान उघडलेल्या खात्याचा हप्ता दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. १६ नंतर उघडलेल्याला महिनाअखेरपर्यंत मुभा असते. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांमागे १ रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते चालू करायला दोन महिन्यांचीच सवड मिळते. उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाणाऱ्यांची खाती अशीच बंद पडतात. बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. मोडण्याआधी हे आठवा.

पीपीएफचं घड्याळ

पीपीएफला, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्याला, विद्यार्थ्याने आत्ता मोठी रक्कम देऊ नये, पण खातं उघडून ठेवावं. वर्षाला किमान ५०० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, दर ७.१ टक्के, मुदत १५ वर्षं. मुदत खातं उघडलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून मोजतात. एकोणिसाव्या वर्षी उघडलेलं खातं पस्तिशीच्या आत मोकळं होतं, म्हणजे घराच्या किंवा मुलांच्या खर्चाच्या ऐन वेळी. नोकरीला लागल्यावर उघडलं तर हेच घड्याळ पाच-सहा वर्षं उशिरा सुरू होतं. व्याज दर महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिल्लकीवर धरतात, म्हणून भरायचे ते ५ तारखेच्या आत. एका माणसाला एकच खातं चालतं, तेव्हा इथेही घरी आधी विचारा.

पहिला फंड

तीन वर्षांत लागणारा पैसा बाजूला झाला, अडीअडचणीचा साठा भरला, आता उरलं ते दीर्घ मुदतीचं. पाच वर्षं तरी हात लावायचा नाही असं ज्या पैशाबद्दल मनापासून म्हणता येईल, तोच इथे आणा.

म्युच्युअल फंड अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवतो. सुरुवातीला निफ्टी ५० चा एक इंडेक्स फंड पुरे आहे. निफ्टी म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारातल्या ५० मोठ्या कंपन्यांची यादी. इंडेक्स फंड तेच शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो. फंड व्यवस्थापकाची निवड चुकली तर काय, हा प्रश्न इथे उरत नाही आणि खर्चही कमी असतो. असे फंड अनेक कंपन्यांचे आहेत आणि आत माल एकच आहे, त्यामुळे निवडताना दोनच आकडे बघायचे: वार्षिक खर्चाचं प्रमाण आणि निर्देशांकापासून फंड किती मागे राहतो तो फरक. दोन्ही जितके कमी तितकं चांगलं. गेल्या वर्षी सर्वांत जास्त वाढलेला फंड शोधण्यात संध्याकाळ घालवू नका. पुढच्या वर्षी पहिला कोण येईल हे त्या यादीतून कळत नाही.

डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं, खातं लागत नाही. फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा एमएफ सेंट्रल या सगळ्या फंडांच्या सामाईक संकेतस्थळावरून थेट घेता येतो. पॅन, आधार, बँक खातं आणि चेहऱ्याचा एक छोटा व्हिडिओ एवढ्यावर केवायसी होते. सही पॅनवरच्या सहीसारखी करा. केवायसीची स्थिती ‘व्हॅलिडेटेड’ दिसेपर्यंत थांबा. ‘ऑन होल्ड’ दिसलं तर बहुधा आधार-पॅनच्या नावातला फरक किंवा पडताळणी न झालेला मोबाइल, ई-मेल हे कारण असतं.

फंडाच्या नावात दोन शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘डायरेक्ट’ आणि ‘ग्रोथ’. ‘रेग्युलर’ लिहिलं असेल तर त्यातून विक्रेत्याचं कमिशन दरवर्षी जातं, तुम्हाला वेगळं बिल येत नाही इतकंच. अगदी एक टक्क्याचा फरक धरा. महिना १,००० रुपये, ३० वर्षं, समजा १२ टक्के वाढ मिळाली, तर सुमारे ३४.९५ लाख होतात. ११ टक्के मिळाली तर २८.०५ लाख. बाजार १२ टक्के देईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. हा हिशेब फक्त एका टक्क्याचं वजन किती ते दाखवतो. जो विक्रेता खरोखर बसून समजावतो, पडत्या बाजारात धीर देतो, त्याचं कमिशन वाया जात नाही, हेही खरं. पण मग ते आपण देतो आहोत हे माहीत असावं. ‘ग्रोथ’च्या जागी ‘आयडीसीडब्ल्यू’ निवडलं तर मधूनमधून आपलेच पैसे खात्यात येतात आणि खर्च होतात.

एसआयपी लावण्याआधी एकदा एकरकमी १०० किंवा ५०० रुपये टाकून पाहा. समजा त्या दिवशी एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, १५० रुपये आहे. ५०० रुपयांतून मुद्रांक शुल्काचे अडीच पैसे वजा होतात आणि ३.३३३ युनिट मिळतात. भाव १२० वर घसरला तर पुढच्या ५०० रुपयांना ४.१६६ युनिट मिळतील. ही घसरण पहिल्या विवरणपत्रावर स्वतः पाहिली की एसआयपी म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही. पैसे दुपारी ३ वाजेपर्यंत फंडाकडे पोचले तर त्याच दिवसाचा भाव, नाहीतर पुढच्या कामाच्या दिवसाचा.

मग एसआयपी. पैसे ७ तारखेला दुसऱ्या खात्यात जातात, तर एसआयपीची तारीख १० किंवा १२ ठेवा, मध्ये सुट्टीचे दिवस येतात. ऑटोपेची परवानगी देताना मोठा आकडा दिसला, समजा ५,०००, तर दचकू नका. ती वरची मर्यादा असते, कापले जातात ते ५०० च. परवानगी बँकेत नोंदवायला काही दिवस लागतात, त्यामुळे पहिला हप्ता पुढच्या महिन्यात गेला तर गोंधळ झाला असं समजू नका.

खात्यात पैसे नसले आणि हप्ता परत गेला तर फंड कंपनी दंड करत नाही, पण बँक करू शकते. काही बँकांत हा दंड २५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २९५ रुपये. पाचशेच्या हप्त्याला हा फार मोठा घाव आहे. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती आपोआप रद्द होते. परीक्षेच्या काळात शिकवणी बंद असेल तर एसआयपी आधीच ‘पॉझ’ करून ठेवा, ही सोय बऱ्याच फंडांत आहे. वारसाचं (नॉमिनीचं) नाव मात्र आजच भरा. विशीत ते भरताना विचित्र वाटतं, पण न भरल्याचा त्रास आईवडिलांना होतो.

आता पडझडीबद्दल, कारण ती येणारच. २०२० च्या जानेवारीत निफ्टी १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. दोन-सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के घट. त्याच नोव्हेंबरात त्याने जुनी उंची ओलांडली. दरवेळी इतक्या लवकर होत नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता, २००९ च्या मार्चमध्ये तो ८,२०० च्याही खाली गेला आणि पुन्हा २१,००० वर बंद व्हायला २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. जवळजवळ पदवीचा पूर्ण काळ. म्हणून फीचे पैसे इथे नकोत, आणि म्हणून सहा महिने तोटा दिसला म्हणून विकायचं नाही. ॲप रोज उघडायची सवय लागली असेल तर फोनवरून काढून टाका, हप्ता तसाही कापला जाईल.

कराचं थोडक्यात: शेअर फंड वर्षभरानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. विद्यार्थ्याचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर एवढ्याशा रकमेवर सहसा काही भरावं लागत नाही.

सोनं आणि भिशी

आजी गुरुपुष्याला ग्रॅमभर सोनं घेते, ते चांगलंच आहे. मात्र दागिन्याची घडणावळ विकताना परत मिळत नाही आणि खरेदीवर ३ टक्के जीएसटी असतोच. घ्यायचंच तर नाणं घ्या, आणि त्यावर हॉलमार्क आहे ना ते पाहा. ॲपवरचं ‘डिजिटल सोनं’ सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमनाखाली येत नाही असा इशारा तिनेच २०२५ च्या नोव्हेंबरात दिलेला आहे. मैत्रिणींची भिशी, इंदुरात जिला ‘बीसी’ म्हणतात, ती शिस्त लावते पण वाढ देत नाही, आणि पैसे आधी उचलून एखादी शहर सोडून गेली तर वसुलीचा मार्ग नसतो. दहाजणी एकमेकींना घरापर्यंत ओळखत असतील तरच.

इंदूरचे फोन

हा भाग सावकाश वाचा. शेअर बाजाराच्या ‘टिप्स’ देणाऱ्या सल्लागार फर्मांमुळे इंदूरचं नाव देशभर वाईट अर्थाने गाजलं आहे. सेबीने इथल्या अनेक फर्मांवर आदेश काढले, नोंदणीशिवाय सल्ला दिल्याबद्दल, खात्रीच्या नफ्याचं आमिष दाखवल्याबद्दल, ग्राहकाकडून पुन्हा पुन्हा शुल्क उकळल्याबद्दल. त्यामुळे इथल्या विद्यार्थ्याकडे हे प्रकरण दोन दारांनी येतं: ग्राहक म्हणून आणि नोकर म्हणून.

ग्राहकाची कथा ठरलेली असते. आधी दोन दिवस फुकट टिप. निम्म्या लोकांना ‘चढेल’ सांगायचं, निम्म्यांना ‘पडेल’. ज्यांचं बरोबर आलं त्यांनाच तिसऱ्या दिवशी फोन जातो, आणि त्यांना वाटतं समोरच्याला खरंच कळतं. मग ५,००० रुपये नोंदणी, मग वरची ‘सेवा’, मग तोटा भरून काढायला आणखी एक. दुसरा प्रकार टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपच्या गटातला. खोटं ॲप उतरवायला लावतात, त्यात नफा फुगत जाताना दिसतो, आणि पैसे काढायला गेलात की आधी ‘कर’ भरा म्हणतात. खरा कर असा कुणाच्या खात्यात भरून घेत नाहीत. सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने आणि संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो क्रमांक त्याने पाठवलेल्या प्रमाणपत्रावर पाहून भागत नाही, सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा. आणि नोंदणी असली तरी खात्रीचा परतावा कबूल करणारा, पासवर्ड किंवा ओटीपी मागणारा, नफ्यात वाटा मागणारा माणूस नियम मोडतोच आहे.

नोकरीचं दार जास्त धोक्याचं आहे, कारण तिथे पगार खरा मिळतो. विजय नगरच्या एखाद्या ऑफिसात ‘फायनान्शियल एक्झिक्युटिव्ह’ म्हणून दिवसाला शंभर फोन करायचे. कंपनीचा नोंदणी क्रमांक पहिल्याच दिवशी मागा. दुसऱ्या नावाने फोन करायला सांगितलं, किंवा फीचे पैसे व्यक्तीच्या खात्यात घ्यायला सांगितले, तर त्याच दिवशी सोडा. फसवणुकीच्या गुन्ह्यात फोन करणारी मुलंही आरोपी होतात. याहून सोपा वाटणारा सापळा म्हणजे बँक खातं भाड्याने देणं: ‘तुझ्या खात्यातून पैसे फक्त फिरवायचे, पाच हजार देतो.’ तो पैसा कुणाच्या तरी लुबाडणुकीचा असतो. खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

फसवणूक झालीच तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत पैसा पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. नोंदणीकृत सल्लागार, दलाल किंवा फंड यांच्याबद्दलची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रारींच्या संकेतस्थळावर जाते.

फ्यूचर्स-ऑप्शन्स, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेले सौदे, यांबद्दल एकच आकडा पुरे. सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींमागे ९३ जणांना तोटा झाला होता. हॉस्टेलवर नफ्याचा स्क्रीनशॉट दाखवणारा मित्र खोटं बोलतो असं नाही. तो तोट्याच्या दिवसाचा स्क्रीनशॉट दाखवत नाही.

वर्षातून एकदा, आणि इंदूर सोडताना

एप्रिलमध्ये अर्धा तास काढा. एकत्रित खातेविवरण ई-मेलवर मागवा आणि युनिटांचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहा. पीपीएफचे त्या वर्षीचे ५०० रुपये भरा. शिकवणीचे पैसे वाढले असतील तर एसआयपीत १०० रुपयांची भर घाला. फंड बदलू नका.

पदवीनंतर बहुतेकजण पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात आणि कंपनी नवं पगार खातं उघडून देते. इथे चालू एसआयपी सर्वांत जास्त तुटतात. क्रम असा ठेवा: आधी नवं खातं फंडाच्या फोलिओत, म्हणजे फंडाकडच्या तुमच्या खात्यात, जोडा, रद्द केलेला धनादेश किंवा खातेविवरण लागेल. मग नव्या खात्यावरून ऑटोपेची परवानगी द्या. त्या खात्यातून एक हप्ता गेलेला दिसू द्या, मगच जुनी परवानगी रद्द करा, आणि जुनं खातं शेवटी बंद करा. मोबाइल नंबर मात्र तोच चालू ठेवा. कंपनीने नवा दिला तरी इंदूरचं सिम रिचार्ज करत राहा, निदान आधार, पॅन, बँक, पोस्ट आणि फंड या पाचही ठिकाणी नवा नंबर नोंदवला जाईपर्यंत.